तूप उपोलचं, बोट केरेझचं

आमच्या अक-तेरेक गावात कुणाच्या घरी मूल झालं की दोन घरी माणूस धाडावा लागतो. एक उपोलकडे, तुपासाठी. दुसरा केरेझ एजेंकडे, बोटासाठी. ही रीत तीस वर्षं चालत आली आहे आणि तिला कुणीही कधी हरकत घेतलेली नाही, एका उपोलखेरीज. तिनेही ती मनातल्या मनात घेतली, आणि हेच नवल, कारण मनात काही ठेवणं हा त्या बाईचा पिंडच नव्हे.

बाळ दवाखान्यातून घरी आलं की त्याच्या जिभेला पिवळ्या तुपाचं बोट लावायचं, याला आमच्याकडे तोंड उघडणं म्हणतात. दवाखान्यात आईचं दूध मिळतंच, पण ते कुणी धरत नाही. तोंड उघडतं ते घरी, तुपाने. आणि ज्याचं बोट त्याचा स्वभाव बाळाला लागतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून लोक बोट पारखून घेतात. केरेझ एजे, म्हणजे केरेझताई, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता घरी असतात. उभ्या जन्मात त्यांनी आवाज चढवला नाही, वर्गात शिरल्या तर माशीसुद्धा बसून राहायची. त्यांच्या बोटाची पोरं शांत आणि शहाणी निघतात असा लौकिक आहे. आता, गेल्या साली शेजाऱ्याची दोन मेंढरं आपल्या कळपात घालून नेणारा तो पोरगाही एजेंच्याच बोटाचा, पण ते जाऊ दे. श्रद्धेपुढे मेंढरं कोण मोजतो.

उपोलच्या तोंडात मात्र तीळ भिजत नाही. ती जन्मली तेव्हा तिचं तोंड ज्या बाईने उघडलं ती म्हणे बाजारात ओरडून ओरडून मीठ विकायची. खरंखोटं कोण जाणे, पण उपोलचा तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की ओढ्याच्या पल्याडच्या तंबूतली माणसं आपलं बोलणं थांबवून ऐकत बसत. तिचा नवरा सोल्तोबाय अगदी उलट. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने जेवढं बोलून घेतलं तेवढं उपोल एका धारेच्या वेळी बोलून टाकते. मुलगा उलार बापावर गेला. त्याचंही तोंड एजेंच्याच बोटाने उघडलेलं. तेव्हा घर सासूच्या हातात होतं, उपोलला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा तिलाही वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते हळूहळू. दर साली चार-पाच बाळं. दर वेळी कुणी तरी दारात यायचं. म्हणायचं, "उपोल, तुझं तूप दे बाई, दुसऱ्याचं नको, पोराच्या तोंडात घालायचंय." ती वाडगाभर द्यायची. वाडगा रिकामा परत पाठवायचा नाही म्हणून ते लोक त्यात साखर नाहीतर सुके जर्दाळू घालून पाठवायचे. तीस वर्षांत किती जर्दाळू आले असतील. पण "उपोल, तूच लाव की बोट" असं एकानेही म्हटलं नाही. तूप उपोलचं, बोट केरेझचं, अशी गावात म्हणच पडून गेली. दुसऱ्याने राबायचं आणि नाव तिसऱ्याचं व्हायचं असलं काही दिसलं की लोक ती म्हणायचे आणि हसायचे. उपोलही हसायची, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

तुपाच्या बाबतीत मात्र गावाचं बरोबर होतं. तसं तूप दुसरीकडे नव्हतंच. उन्हाळ्यात सगळं गाव गुरं घेऊन वर कुरणावर जातं, आणि तिथे पहाटेपासून बायकांचं दुधाचं काम चालू होतं. उपोलच्या सात गायी. धार झाली की दूध कोमट असतानाच सेपरेटरमध्ये ओतायचं आणि दांडा फिरवायचा. घाईने फिरवला तर साय पातळ येते, रेंगाळत फिरवला तर दुधातच राहते. उपोलचा दांडा तिच्या बोलण्याच्या लयीवर फिरायचा. गोष्ट सांगता सांगता एका हाताने फिरवत राहायची, गोष्ट संपली की एका तोटीतून साय आणि दुसऱ्या तोटीतून निळसर दूध, दोन्ही भांडी भरलेली. त्या निळसर दुधाचं दही लावायचं, दही टांगून चक्का करायचा, चक्क्यात मीठ घालून सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या आणि फळीवर उन्हात वाळवायच्या. त्या कुरुतच्या गोळ्या दगडासारख्या होतात, तोंडात धरली तर अर्धा दिवस पुरते.

साय तीन दिवस सावलीत आंबवायची. मग कमरेएवढ्या लाकडी कुबूमध्ये घालून दांड्याने वरखाली घुसळायची. कधी थांबायचं हे उपोल कानाने ओळखायची. आधी पातळ आवाज येतो, मग जड, मग एकदम दांडा हाताला मऊ लागतो, आणि तिथे एक जरी हिसडा जास्त दिला तर लोण्यात ताक अडकून बसतं. लोण्याचा गोळा झऱ्याच्या पाण्यात सात वेळा धुवायचा, पाणी निवळशंख होईपर्यंत. मग गोवऱ्यांच्या मंद विस्तवावर कढवायचं, त्यात मूठभर पीठ टाकायचं. पीठ सगळा कचरा आणि आंबटपणा ओढून तळाशी बसतं. वर तूप पिवळंधमक, खाली खमंग बेरी. बेरीसाठी साऱ्या कुरणावरची पोरं नाकं ओढत उपोलच्या तंबूपुढे जमायची आणि तीही कुणाला विन्मुख धाडायची नाही. तूप मग मेंढीच्या धुतलेल्या, खारवलेल्या, फुगवून सुकवलेल्या पोटात भरायचं, तोंड चामड्याच्या वादीने करकचून बांधायचं आणि गार खड्ड्यात ठेवायचं. पोट सुरीने चिरलं की आत हातभर पिवळा गोळा, आणि त्याला कुरणातल्या फुलांचा वास. दुसऱ्या बायका हेच सगळं करत, आणि त्यांचं तूप तुपासारखं होई. उपोलचं का वेगळं होतं, ते तिलाही सांगता यायचं नाही, म्हणजे ती सांगायची तासभर, पण त्यातून कुणाला काही कळायचं नाही.

त्या वर्षी उलारची बायको जिपार गरोदर होती. नारीन शहरातली मुलगी, औषधाच्या दुकानात काम केलेली, बारीक आवाजात बोलणारी. सासूला एने, म्हणजे आई, म्हणायची आणि तिच्यामागे वासरासारखी फिरायची. सातव्या महिन्यातही कुरणावर येऊन राहिली. उपोल तिला दांड्याला हात लावू देत नव्हती, शेजारी बसवून ठेवायची आणि बोलत राहायची. जिपार ऐकायची, हसायची, कधी कधी म्हणायची, "मग पुढे काय झालं, एने?" छत्तीस वर्षांत त्या घरात हा प्रश्न उपोलला पहिल्यांदा कुणी विचारला होता. साहजिकच तिने मनात एक आशा धरली. आपलंच घर, आपलंच नातवंड, आपलंच तूप. सून आपणहून म्हणेल, एने, बोट तुमचंच. विचारायचं आपण नाही. बोट मागून घ्यायचं नसतं, ते लोकांनी बोलवायचं असतं.

मग जुलैत विहीणबाई लेकीला भेटायला कुरणावर आल्या. नीटनेटक्या, केस चापूनचोपून बसवलेल्या, कपडे झटकून बसणाऱ्या. चहा झाला, साय झाली, तळलेल्या कणकेचे गरम बोर्सोक झाले. विहीणबाईंनी तूप चाखलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "तोंड उघडायला तूप तुमचंच, यात प्रश्नच नाही. आणि बोट केरेझ एजेंचं. येताना गावात त्यांना सांगूनच आले."

उपोलने चहाची वाटी खाली ठेवली. तिने सुनेकडे पाहिलं. जिपार आपल्या वाटीत बघत होती.

"मुलगी झाली तर शांत निघालेली बरी," विहीणबाई म्हणाल्या. "बोलक्या मुलीचं सासरी फार कठीण होतं."

"खरंय," उपोल म्हणाली. "एजेंच्या बोटासारखं बोट नाही." आणि लगेच तांबड्या गाईच्या खुराला काय झालं होतं ते सांगायला लागली, आणि ते इतकं लांबलं की विहीणबाई बसल्या जागी पेंगायला लागल्या. मग ती उठून तंबूमागे गेली आणि वाळत घातलेली कुरुतची प्रत्येक गोळी तिने उलटून ठेवली, ज्यांना गरज नव्हती त्यासुद्धा. डोळे पुसायला तिला ओढणीचं टोक पुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या मनात काळंबेरं आलं, ते सांगायला हवं. म्हटलं, बोट नको तर तूपही रोजचंच देऊ. पावसात भिजलेल्या चाऱ्याचं, जरा हिणकस. कुणाला कळतंय. असं ठरवून तिने चूल पेटवली, आणि तासाभराने पाहते तो आपण तांबड्या गाईचं, वरच्या उतारावरच्या फुलांच्या दिवसांतलं, राखून ठेवलेलं लोणी कढईत घातलंय आणि विस्तव इतका मंद ठेवलाय की गोवरीला झोप यावी. राग नवऱ्यावर काढता येतो, सुनेवर काढता येतो, तुपावर काढता येत नाही. ते लगेच करपतं आणि मग काय झालं ते सगळ्या गावाला सांगतं. त्या दिवशी झालेलं तूप तिच्या हातून आजवर झालेल्या तुपांत सर्वांत चांगलं होतं. ते तिने एका लहानशा पोटात वेगळं भरलं आणि वादीला लाल दोरा बांधला.

सप्टेंबरात गुरं खाली आली आणि आठवड्याभरात जिपारला मुलगी झाली. तालुक्याच्या दवाखान्यातून ती पाचव्या दिवशी घरी यायची होती. दुसऱ्या दिवशी जेवण, विहीणबाई तेव्हा नारीनहून येणार, केरेझ एजे येणार, तोंड उघडणार, नाव ठेवणार. उपोलला आदल्या दिवशी मान वर करायला फुरसत नव्हती. पाहुण्यांपुढे तूप ठेवायचं म्हणून तिने पोटं चिरली, लाल दोऱ्याचंही चिरलं, वाडगे भरले, मैद्यात तूप चोळून कणीक मळली, बोर्सोकचा पहिला घाणा काढला. तेवढ्यात गाडी आली. उलारने बायकोला दारात उतरवलं आणि तो पिठाची गोणी आणायला परत फिरला. सोल्तोबाय परसात मेंढा सोलत होता. घरात सासू आणि सून, दोघीच.

"एने, जरा धरा हिला. मी तोंड धुऊन येते," असं म्हणून जिपारने दुपट्यातलं बाळ तिच्या हातात दिलं आणि आत गेली.

उपोलने पोरीकडे पाहिलं. मूठभर जीव, भुवया सोल्तोबायसारख्या, रागीट. "आलीस का बाई," ती म्हणाली, "किती वाट बघायला लावायची माणसाला." पोरीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि ओठ हलवायला लागली, भुकेलं बाळ शोधतं तशी. उपोलने हनुवटीला बोट लावलं, गंमत म्हणून. पोरीने तोंड फिरवलं आणि बोट गपकन पकडलं. एकदा चोखलं. दोनदा. तिसऱ्यांदा तर मटकन आवाज आला.

मग उपोलने आपल्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत तूप. बोट लाल दोऱ्याच्या तुपात चमकत होतं.

तिने घाबरून बोट काढलं, ओढणीने पुसलं, पोरीचे ओठ पुसले. पण पुसून काय होणार. पहिलं ते पहिलं. दुसऱ्यांदा हजार एजे आणून बसवल्या तरी उघडलेलं तोंड पुन्हा उघडता येत नाही. तीस वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते चोरी केल्यासारखं मिळालं होतं. जिपार पाच मिनिटांनी आली आणि पोर घेऊन गेली. उपोल पुन्हा बोर्सोकच्या घाण्याकडे वळली.

सांगायचं तर कुणाला सांगायचं, आणि कसं? विहीणबाई आकाशपाताळ एक करतील. एजे काही बोलणार नाहीत, ते तर आणखी वाईट. आणि जिपारला वाटेल, म्हातारीने डाव साधला. मग पोर हातात देतेय कशाला. उपोलने ठरवलं, काही झालं तरी हे पोटातून बाहेर काढायचं नाही. पण ती स्वतःला ओळखून होती. गाईबद्दल बोलायला बसली तरी चार वाक्यांनी पोरीवर येईल आणि सहाव्या वाक्याला बोटावर. तेव्हा सुरक्षित उपाय एकच, मुळात बोलायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं रीतसर झालं. एजे पांढरा रुमाल बांधून आल्या, लाल दोऱ्याच्या तुपात करंगळी बुडवली, पोरीच्या जिभेला लावली, आशीर्वाद दिला. पोरीचं नाव पेरिझात ठेवलं. ती रडली नाही, तोंड वाजवत पडून राहिली. सगळ्या बायका म्हणाल्या, बघा, आत्तापासून शांत आहे, एजेंचं बोट. विहीणबाईंचे डोळे भरून आले. उपोल कोपऱ्यात चहा ओतत होती. खाई त्याला खवखवे, तसं तिला प्रत्येक जण आपल्या बोटाकडेच बघतोय असं वाटत होतं. तिने दोन्ही हात कमरेला बांधलेल्या पेशबंदाखाली घेतले, आणि त्या दिवशी चहा दोन वेळा सांडला.

आणि विहीणबाई गेल्या नाहीत. लेकीचे बाळंतपणाचे चाळीस दिवस पुरे करूनच जाणार म्हणाल्या. रात्री जिपारच्या खोलीत झोपायच्या, दिवसा तिच्या उशाशी बसायच्या. उपोलला सुनेशी एकटीने दोन शब्द बोलायची सोय उरली नाही. तिने कुरुतच्या गोळ्यांची पिशवीच कमरेला बांधली. बोलावंसं वाटलं की एक गोळी गालात. पहिल्या आठवड्यात अर्धी पिशवी संपली.

गावात बातमी वाऱ्यासारखी पसरली. उपोल बोलत नाही. आधी लोकांना वाटलं दात दुखत असेल. मग शेजारीण मेंढीच्या पायांचं सूप घेऊन आली. कुणी काळं मीठ आणलं, कुणी मुल्ला बोलावून फुंकर घालायला लावली. मुल्लाने विचारलं, काय होतंय. उपोलने गालातली गोळी दाखवली. सोल्तोबायची अवस्था तर बघवत नव्हती. छत्तीस वर्षं त्याने मनात हजारदा म्हटलं असेल, ही बाई एक दिवस गप्प बसेल तर बरं. आता ती बसली तर त्याला घास जाईना. त्याने तिला चिडवायला मुद्दाम गोठ्याचं दार उघडं ठेवलं. वासरं गाईंना पिऊन बसली, संध्याकाळची धार गेली. उपोलने दार लावलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो चिखलाचे बूट घालून थेट लोकरीच्या नमद्यावर चढला. तिने नमदा उचलला आणि झटकला. मग मात्र त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "म्हातारे, भांड की गं. काहीतरी म्हण." त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वांत मोठं भाषण होतं. उपोलला गलबलून आलं. पण एक शब्द सोडला की मागोमाग सगळा कळप बाहेर पडणार, म्हणून तिने त्याला थोपटलं आणि चहा दिला.

तिसाव्या दिवशी केरेझ एजे आल्या. नमद्यावर बसल्या, वाटी हातात घेतली. विहीणबाई समोर होत्या, त्या दोन शब्द बोलून गप्प झाल्या. उपोल गोळी चघळत होती. घरात फक्त पाळण्याचा आवाज. एजेंनी चहा संपवला आणि मग बोलायला लागल्या, त्यांना कुणी सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"उपोल, तू बोलत नाहीस तर मी कुठे जाऊ? माझ्या घरात घड्याळ सोडून कुणी आवाज करत नाही. आठवड्यातून दोनदा तुझ्याकडे येते ती तूप मागायला येते असं वाटतं तुला? तुझ्या तुपाचे तीन वाडगे अजून तसेच पडलेत माझ्याकडे." त्या थोडं थांबल्या. "तीस वर्षं सगळे माझं बोट घेतात. एजे, तुम्हाला गप्प राहायला आवडतं का, असं एकदाही कुणी विचारलं नाही."

उपोलच्या जिभेवर सगळं आलं. एजे, ते बोट, ती पोर, तो दिवस. तिने घाईघाईने पिशवीत हात घातला आणि एकदम दोन गोळ्या तोंडात टाकल्या. एजेंचा हात मात्र तिने बराच वेळ सोडला नाही. एजे गेल्यावर ती गोठ्यात जाऊन तांबड्या गाईला सगळं सांगून आली. गाय ऐकत होती आणि रवंथ करत होती. थोडं बरं वाटलं, पण गाईला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे.

चाळिसाव्या दिवशी पेरिझातला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घातलं. चमचे विहीणबाईंनी मोजले, एकही चुकवला नाही. चाळीस चिंध्यांचं झबलं घातलं. आता चाळीस छोट्या तुपाच्या भाकऱ्या करून घरोघर वाटायच्या होत्या. दुपारच्या गाडीने विहीणबाई नारीनला निघाल्या, उलार त्यांना सोडायला गेला. परसात सोल्तोबाय लाकडं फोडत होता. उपोल तूप घालून कणीक मळायला बसली, जिपार समोर बसून गोळे करू लागली. पोर दोघींच्या मध्ये पडून छताकडे बघत होती.

पंधरा गोळे झाले. उपोलने कमरेची पिशवी चाचपली. ती रिकामी होती.

"जिपार," ती म्हणाली. पस्तीस दिवस माणसाशी न बोललेला आवाज घोगरा आला. "पोरीचं तोंड एजेंनी उघडलं नाही. मी उघडलं. आदल्या दिवशी. तू तोंड धुवायला गेलीस तेव्हा. माझ्या हाताला तूप होतं आणि तिने बोट धरलं. मी मुद्दाम नाही केलं गं. पण केलं. आता ती माझ्यासारखी होणार. तुझ्या आईला सांग, एजेंना सांग, काय करायचं ते करा. माझ्या पोटात आता राहत नाही."

जिपार गोळा वळत राहिली. तो ताटात ठेवला आणि दुसरा घेतला.

"मला माहीत आहे, एने."

"काय माहीत आहे?"

"तोंड मी दवाखान्यातच धुतलं होतं," जिपार म्हणाली. "दाराआड उभी होते. तुमच्या हातात पोर दिली तेव्हा तुमची दहाही बोटं तुपाने चमकत होती. ते बघूनच दिली."

उपोलने पोरीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आईला नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं," जिपार म्हणाली. "ती रागावली की बोलत नाही. आठ आठ दिवस. लहानपणी घरात चमचा पडला तरी मी दचकायची. तुमच्या घरी नवरी म्हणून आले, मला पडद्यामागे बसवलं, तेव्हा मी जीव मुठीत धरून बसले होते. तुम्ही आत आलात आणि तुमच्या सातही गायींची नावं सांगितलीत, कुणाची आई कोण, कोण कुठे घसरून पडली, सगळं. उजाडेपर्यंत. नवऱ्या मुली पहिल्या रात्री रडतात म्हणे. मला रडायला सवडच मिळाली नाही." तिने नाक पुसलं, नाकाला पीठ लागलं. "माझी मुलगी तशी व्हायला हवी होती मला. पण मग तुम्ही बोलणंच बंद केलंत. मला वाटलं, एजेंना बोलावलं म्हणून रुसलात. आणि आई इथून हलेना."

उपोल थोडा वेळ काहीच बोलली नाही. पण हे गप्प बसणं निराळं होतं, त्याला कुरुतची गरज पडली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात कणकेत असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

"अगं भवाने," शेवटी ती म्हणाली, "पस्तीस दिवस! दाढा झिजल्या माझ्या कुरुत चघळून. त्या म्हाताऱ्याने गोठा उघडा टाकला, चिखलाचे बूट घालून माझ्या नमद्यावर नाचला, आणि मी गप्प! मुल्लाने माझ्यावर थुंकी उडवली, तरी गप्प! आणि तू दाराआड उभी राहून..." आणि मग बांध फुटला. परसात कुऱ्हाडीचा आवाज थांबला. सोल्तोबाय दारापर्यंत आला, आत न येता उंबऱ्यावरच बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

जिपार म्हणाली, "एजेंना मात्र सांगायचं नाही हं, एने."

"एजेंना मी रोज घरी बोलावणार आहे," उपोल म्हणाली. "उरलेल्या भाकऱ्या त्यांच्याकडून करून घेऊ. येतील त्या, आणि बोलतीलही, बघ तू." मग तिने तुपाच्या हाताने पोर उचलली, मांडीवर घेतली आणि तिला सांगायला लागली, "तर पेरिझातबाई, आपल्याकडे सात गायी आहेत. पहिली तांबडी. हिची आई म्हणजे एक नंबरची बदमाश..."

पोर हातपाय न हलवता ऐकत होती. पाचव्या गाईपाशी उपोल श्वास घ्यायला थांबली, तेव्हा पोरीने पहिल्यांदाच तोंड उघडून मोठ्याने हुंकार दिला.